ध्वनिफितीचे खोटे भक्त

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या घडविणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आले नसेल. मला मात्र तो दिसला आणि स्वस्थ बसवेना.

पहिली गोष्ट अशी. माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा संगणकावर संगीताची जुळणी करतो. मुलगा गुणी आहे, कानाने तयार आहे. त्याने आपले एक नवे गीत मला ऐकविले. ते ऐकत असता पाठीमागून एक सूक्ष्म सळसळ सारखी येत होती. यंत्रात काही बिघाड असावा, असे मी म्हणालो, तेव्हा तो हसला. "काका, ती मुद्दाम घातली आहे. जुन्या टेपची आहे. तिने आवाजाला ऊब येते." मग त्याने समजावून सांगितले की, स्पुलावरच्या फितीची सळसळ, तिची किंचित डळमळणारी गती आणि चढ्या आवाजाला येणारा तिचा तो गोलसरपणा, हे सर्व हल्ली तयार मिळते, पैसे भरावेत, कळ दाबावी आणि कोणत्याही गाण्यावर ते चढवावे.

दुसरी गोष्ट चार दिवसांनी घडली. माळव्यातील ज्या मराठी मंडळाचा मी जुना सभासद आहे, त्याच्या कार्यकारिणीची सूचना हाती आली. मंडळाच्या कपाटातील एकेचाळीस स्पुलांचे डिजिटल रूपांतर पूर्ण झाले असून सर्व मजकूर एका पेन-ड्राइव्हवर सुरक्षित आहे. सबब ती स्पुले निकालात काढावयाची आहेत. कोणा सभासदास प्लास्टिकच्या चकत्या हव्या असल्यास आठ दिवसांत कळवावे.

एकीकडे फितीची सळसळ विकत घेतली जाते, दुसरीकडे खरी फीत भंगारात निघते. वरवर पाहता हे दोन परस्परविरोधी पक्ष. एक टेपचा भक्त, दुसरा तिचा निंदक. माझे म्हणणे असे की, दोघांची चूक एकच आहे. फीत म्हणजे आवाजाला चढलेला एक रंग, असे दोघेही समजतात. पहिल्याला तो रंग लावावासा वाटतो आणि दुसऱ्याला तो पुसावासा वाटतो, एवढाच काय तो भेद. जे तिच्यावर नोंदले गेले, त्याची ती साक्षीदार आहे, ही गोष्ट दोघांच्याही गावी नाही.

आधी या उबेचा समाचार घेऊ. ऊब, ऊब म्हणून जिचा एवढा गवगवा चालला आहे, ती वस्तुतः आहे तरी काय? प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या गंजाचे अतिसूक्ष्म कण चिकटविलेले असतात. आवाजाच्या चढउताराप्रमाणे विजेचा प्रवाह बदलतो, आणि त्याप्रमाणे त्या कणांना कमीअधिक चुंबकत्व येते. पण कणांच्या सोशिकतेला मर्यादा आहे. आवाज फार चढला की ते आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाहीत, लहरीचे शिखर दबते, आणि दबलेल्या शिखरातून मूळ स्वराच्या तिप्पट कंपनसंख्येचा एक उपस्वर निर्माण होतो. काही भक्त हा उपस्वर दुप्पट-चौपटीचा असल्याचे छातीठोकपणे सांगतात. तो गुण काही प्रकारच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा. फितीचा मुख्य विकार तिपटीचाच. असा विकार शेकडा तीनपर्यंत गेला म्हणजे फितीची मर्यादा आली, असे अभियंते धरीत असत.

आता ज्यांना गाणे कळते त्यांनी एवढाच विचार करावा. मध्य षड्जाच्या तिप्पट कंपने म्हणजे तारसप्तकातील पंचम. म्हणजे गवई मारवा गात असला, आणि त्या रागात पंचम वर्ज्य असला, तरी फीत त्याच्या प्रत्येक जोरकस षड्जामागे थोडासा पंचम आपल्या पदरचा घालते! गळ्यात तो उपस्वर स्वयंभू असतोच, त्यामुळे कानाला तो खटकत नाही, उलट स्वर भरल्यासारखा वाटतो, हे मला मान्य आहे. आवडण्यासही माझी ना नाही. मला स्वतःला तो आवडतो. परंतु जे आवडते ते खरे असलेच पाहिजे असे नाही. आणि यंत्राच्या दोषाला आत्म्याचे नाव देणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे.

दुसरा आक्षेप असा ऐकू येतो की, डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, त्यात स्वराची अखंडता तुटते. फितीवर मात्र मींड अखंड राहते. हे विधान इतक्या वेळा छापले गेले आहे की, त्याचे खंडन करणे म्हणजे अरसिकतेचा शिक्का कपाळी मारून घेणे होय. तथापि ते चुकीचे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर त्याच्या निम्म्या कंपनसंख्येच्या आतील प्रत्येक लहर त्या नमुन्यांवरून जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. यंत्रातून बाहेर पडणारा आवाज पायऱ्यांचा नसतो, अखंडच असतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सर्वांत मंद व सर्वांत मोठा आवाज यांतील अंतर सुमारे ९६ डेसिबल राहू शकते. साध्या फितीला साठ-सत्तरच्या पुढे जाताना धाप लागते. कानांची साक्ष काढायची तर तीही भक्तांच्या विरुद्ध जाते. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या तबकड्या मूळ फितींवरून घेतलेल्या निखळ अॅनालॉग म्हणून भक्तांच्या घरी पूजिल्या जात होत्या. २०२२ साली असे उघडकीस आले की, त्यांतील कित्येक तबकड्यांच्या निर्मितीत कित्येक वर्षे एक डिजिटल टप्पा होता. त्या अवधीत ज्यांनी त्या तबकड्यांच्या उबेवर स्तुतिसुमने उधळली, त्यांच्या कानांना तो टप्पा ऐकू आला नव्हता.

मग माझ्यासारख्या माणसाने या फितीसाठी एवढा जीव का टाकावा? याचे उत्तर तिच्या आवाजात नाही. तिच्या लांबीत आहे, आणि ती कोणाच्या हाती होती यात आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या तबकड्या निघाल्या, तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षे आमच्या संगीताला यंत्राने तीन-साडेतीन मिनिटांच्या पिंजऱ्यात गायला लावले. त्या पिंजऱ्यातही थोरांनी चमत्कार करून दाखविले, हे खरे. पण ख्याल हा मुळात पिंजऱ्यात मावणारा पक्षी नव्हे. शिवाय पिंजऱ्याचे दार कोणासाठी उघडायचे, हे कंपनी ठरवी. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. अल्लादियाखाँसाहेब १९४६ च्या मार्चमध्ये गेले. ज्या दोघांच्या नावाने आजही घराण्याचे लोक कान पकडतात, त्या दोघांचाही आवाज ऐकायला आज उपलब्ध नाही. आणि दैवाची गंमत पाहा. त्याच १९४६ च्या मे महिन्यात, खाँसाहेबांना जाऊन दोन महिने होतात न होतात तोच, सॅन फ्रान्सिस्को येथे जॅक मुलिन या अमेरिकन अभियंत्याने जर्मनीतून आणलेले मॅग्नेटोफोन यंत्र तिथल्या अभियंत्यांपुढे वाजवून दाखविले. सैन्यात असताना त्याने दोन यंत्रे आणि पन्नास स्पुले मायदेशी पाठविली होती. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चढविले, १९३५ च्या बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जर्मनांनी हे यंत्र लोकांपुढे मांडले. पण ते जगाच्या हाती आले ते महायुद्धानंतरच. आम्हाला थोडा उशीर झाला. तो उशीर कोणाचाच अपराध नव्हे, पण त्याची खंत मला आयुष्यभर आहे.

फीत आली आणि काळाचा पिंजरा मोडला. सात इंची स्पुलावर बाराशे फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच गतीने ती बत्तीस मिनिटे चालते, निम्म्या गतीने तासाहून थोडी अधिक. उस्ताद अमीरखाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा डोळ्यांपुढे आणा. एकेक आवर्तन मिनिटाच्या घरात जाणारे. जुन्या तबकडीवर त्यांची तीन आवर्तने होतात न होतात तोच सुई खडखडू लागली असती. १९७४ मध्ये कलकत्त्यास मोटारीच्या अपघातात ते गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या दीर्घ तबकड्या बोटांवर मोजण्याइतक्या. आज अमीरखाँसाहेब म्हणून जो विशाल गवई आपण ओळखतो, तो रेडिओच्या फितींतून आणि त्याहूनही अधिक घरगुती बैठकींच्या फितींतून आपल्याला मिळाला आहे. इंदूरचा हा गवई जगाला मिळाला, त्यात कंपन्यांचा वाटा थोडा. कोपऱ्यात गालिच्यावर यंत्र ठेवून, गाण्याकडे एक कान आणि फिरत्या स्पुलाकडे एक डोळा लावून बसलेल्या कारकून, डॉक्टर, वकील, व्यापारी अशा रसिकांचा मोठा. कित्येक गवयांना हे यंत्र आवडत नसे, बंदिश चोरीस जाईल अशी भीती वाटे, आणि यंत्र कधीकधी चोरून लावले जाई, हेही नमूद केले पाहिजे. तो व्यवहार सर्वस्वी निर्मळ नव्हता.

परप्रांतातील आम्हा मराठी माणसांना या यंत्राने आणखी एक गोष्ट दिली. येथल्या गणेशोत्सवातील व्याख्याने, कीर्तने, हौशी मंडळींची नाटके, शेजारच्या गावाहून आलेल्या गवयाची रात्रभराची बैठक यांची दखल पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे घेणार नव्हती आणि कंपन्या तर नाहीच नाही. येथली मराठी कशी बोलली जात होती, तिच्यात माळवी कोठे मिसळली होती, याचा पुरावा कोणत्याही ग्रंथालयात नाही. तो त्या एकेचाळीस स्पुलांवर आहे.

म्हणून तो पेन-ड्राइव्ह मी मागून आणला आणि तीन रात्री ऐकला.

कोणाचे नाव घेण्याचे मला प्रयोजन नाही. ज्याने हे काम केले, त्याने ते ठरल्या दरात, ठरल्या मुदतीत केले. पण कसे केले? पाच-सहा फायलींत एका कानात गाणे येते आणि दुसऱ्या कानात कोणाचे तरी व्याख्यान उलटे येते. कारण फितीच्या दोन अंगांवर दोन दिशांनी केलेले मुद्रण एकाच वेळी वाजविले गेले आहे. कोठे आवाज गोधडीखालून आल्यासारखा. कारण यंत्राचे डोके फितीशी काटकोनात जुळवून घेण्याची तसदी घेतलेली नाही. हे दोष निष्काळजीपणाचे. ते क्षम्य समजू. अक्षम्य आहे ते शुद्धीकरण. आमच्या भक्त मुलाला जी सळसळ हवीहवीशी वाटते, तीच या गृहस्थाला मळ वाटली आणि संगणकाच्या साहाय्याने त्याने ती खरवडून काढली. संगणकाला गाणे कळत नाही. जे सतत, एकसारखे, न बदलता चालू असते ते त्याच्या हिशेबी निरर्थक. आणि आमच्या मैफलीत सतत, एकसारखे, न बदलता काय चालू असते? तंबोरा! सळसळीबरोबर तंबोऱ्याची जवारीही गेली. उरला आहे तो पाण्याखाली बुडालेल्या भांड्यासारखा एक गुळगुळ आवाज, आणि त्यावर अधांतरी लोंबकळणारा गवई.

विजेची घरघरही त्याने काढून टाकली. ती घरघर म्हणजे केवढा मोठा पुरावा होता! आपल्याकडे विजेच्या प्रवाहाची कंपने सेकंदाला ५०. मुद्रण करणारे घरगुती यंत्र जर मंद चालत असेल, तर आजच्या अचूक यंत्रावर गाणे चढे वाजते. आणि फितीवरची घरघर ५० च्या जागी ५३ ला ऐकू आली, की जाणकाराला कळते, गवयाची पट्टी अर्ध्या स्वराने वर सरकली आहे. त्या घरघरीच्या आधारे तो गती सुधारून घेतो. त्या काळी वीज थोडी मागेपुढे होत असेल, पण काहीच आधार नसण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. येथे आधीच घरघर पुसल्यामुळे, काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये का ऐकू येतो याचे उत्तर त्या फायलीत शोधून सापडणार नाही. ते केवळ फितीवर आहे.

ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे या बाबतीतले नियम काही गुप्त नाहीत. पहिली प्रत फितीवर आहे तशी, दोषांसह घ्यावी. सेकंदाला निदान ४८ हजार, शक्यतो ९६ हजार नमुने घ्यावेत. सुधारणा करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि मूळ जपून ठेवावे. गुडगावचे, १९८२ साली स्थापन झालेले, संगीताचे एक संशोधन-संग्रहालय असेच काम करीत आले आहे. म्हणजे हे आपल्या देशात अशक्य आहे, ही सबबही टिकत नाही.

येथे एका प्रामाणिक प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. शिकागोचे स्टीव्ह अल्बिनी हे ध्वनिमुद्रक २०२४ मध्ये वारले. त्यांनी अखेरपर्यंत फितीचा पक्ष घेतला, पण उबेच्या नावाने नव्हे. डिजिटल फायलींचे प्रकार आणि त्या वाजविणाऱ्या प्रणाली भराभर कालबाह्य होतात, फीत मात्र टिकते आणि वाजते, असा त्यांचा युक्तिवाद. या युक्तिवादाला मी नमस्कार करतो, पण तो आमच्या कपाटाला लागू नाही. त्यांची फीत नवी होती, खोली कोरडी होती, यंत्र दुरुस्त करणारी माणसे हाताशी होती. आमच्या एकेचाळीस स्पुलांपैकी अकरांना डबी उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास येतो. ती जुन्या अॅसिटेटची फीत. एकदा तो वास सुरू झाला की तिची झीज आपणच आपल्याला खात पुढे जाते आणि शेजारच्या फितीलाही बाधते. काहींवर बुरशीची पांढरी नक्षी आहे. यंत्राच्या डोक्यांची आणि रबरी चाकांची तर बोलायची सोय नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय फितींचे रूपांतर करण्याची शेवटची मुदत म्हणून २०२५ हे वर्ष सांगितले होते. २०१९ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच विषयावर जगभर धोक्याची घंटा वाजविली गेली. ती मुदत भरली. सबब डिजिटल प्रत हवी, आणि ती आज हवी. जो भक्त ती प्रत घेण्यास तत्त्वतः विरोध करतो, तो भक्त नव्हे, मारेकरी आहे.

पण प्रत झाली म्हणून मूळ जाळायचे, हा न्याय कोठला? शिलालेखाचा ठसा घेतला म्हणून शिळा कोणी फोडीत नाही. बरे, ज्या डिजिटल जगावर आमचे चिटणीस इतके विसंबले आहेत, ते स्वतः कशावर विसंबून आहे? २०११ साली गूगलच्या काही ग्राहकांची पत्रे एका चुकीमुळे नाहीशी झाली, तेव्हा ती परत मिळाली ती चुंबकीय फितींवर ठेवलेल्या प्रतींतून. फितीवर आकडे लिहिले होते, गाणी नव्हे, एवढाच फरक. आणि आमच्याकडे? एकच पेन-ड्राइव्ह, तोही चिटणिसांच्या टेबलाच्या खणात, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी.

हे सर्व मी कार्यकारिणीपुढे बोललो. चिटणीस सज्जन आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, पटते आहे आपले. पण ठेवायची कुठे? गळक्या खोलीत?" हा प्रश्न खरा होता, आणि त्यावर उपस्थितांपैकी कोणापाशीही उत्तर नव्हते, माझ्यापाशीही. तूर्त स्पुले माझ्या घरी, आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, उभी ठेवली आहेत. आंबूस वासाची अकरा वेगळी काढली आहेत. त्यांची पाळी पहिली. माझ्या यंत्राचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, त्याच्या जागी दुसरा बसविण्याची खटपट चालू आहे. स्नेह्यांचा तो मुलगा रविवारी येतो. फितीच्या वेटोळ्यात एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थराला लागते आणि गवयाने षड्ज लावण्याआधी त्या शांततेत त्याच षड्जाची पुसट सावली ऐकू येते, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या विकतच्या उबेत ही सावली नव्हती.

गेल्या रविवारी आम्ही डब्यांवरचा मजकूर उतरवून घेतला. तो पेन-ड्राइव्हवर कोणीच घेतलेला नाही. सत्ताविसाव्या डबीच्या झाकणावर आतल्या बाजूला जांभळ्या शाईने लिहिले आहे: 'तबलजी उशिरा आले. पहिली बारा मिनिटे नुसत्या तंबोऱ्यावर आलाप.' आम्ही ती फाइल लावून पाहिली. ती तबल्यापासून सुरू होते.